वेखंडाआधी कान तपासा

"मूल अजून बोलत नाही, काहीतरी औषध द्या," असे सांगत येणारे पालक आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयाचे आहेत. वैद्य वेखंड-ब्राह्मीची योजना करतात, औषधविक्रेते सारस्वतारिष्टाची बाटली पुढे ठेवतात आणि घरातील वडीलधारी मंडळी "याचे वडीलही उशिराच बोलू लागले" असा दिलासा देतात. हेतू सर्वांचाच चांगला असतो; परंतु या दिलाशात बालकाची मोलाची वर्षे निघून जातात.

हे दुसऱ्या कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. "ताट पडले की वळून पाहतो, म्हणजे ऐकू येते," असे आईने सांगितले आणि मीही ते मान्य केले. वचा, ब्राह्मी, शंखपुष्पी देत आठ महिने वाट पाहिली. पुढे श्रवणचाचणी झाली, तेव्हा दोन्ही कानांत दोष आढळला. मोठा आवाज कळणे आणि बोलणे स्पष्ट ऐकू येणे या भिन्न गोष्टी आहेत. 'स', 'श' यांसारखे वर्ण ज्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाहीत, त्याने शब्द शिकावेत तरी कसे? औषधाने अपाय झाला नाही, पण गेलेले आठ महिने परत आले नाहीत.

आपले शास्त्र अशी घाई शिकवीत नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मूक, मिन्मिन, गद्गद असे वाणीच्या विकृतींचे भेद सांगितले आहेत. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात लेह कोणत्या बालकास द्यावा आणि कोणास देऊ नये, याचा विचार आहे. निदानाशिवाय सरसकट मेध्य औषध देणे हे या परंपरेशी विसंगत ठरते.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. बारा महिन्यांपर्यंत 'बाबा', 'दादा' असे बोबडे आवाज नाहीत किंवा बोटाने दाखविणे, टाटा करणे नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'पाणी दे' अशी स्वतःहून केलेली दोन शब्दांची जोडणी नाही. अथवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर थांबू नये. प्रथम श्रवणचाचणी, नंतर वाचाउपचारतज्ज्ञांचा सल्ला. नजर न देणे, हाकेस प्रतिसाद न देणे ही स्वमग्नतेचीही चिन्हे असू शकतात. जिभेखालचा तंतू कापल्याने भाषा येत नाही; तसेच घरातील मराठी बंद करून केवळ इंग्रजी बोलण्याचा सल्लाही निराधार आहे. मुलाशी बोलावे ते आपल्या भाषेतच. मोबाइल दूर ठेवून, गोष्टी-बडबडगीतांसह.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकांच्या रचनेत आयुष वैद्यकीय अधिकारी व औषधनिर्माता यांचा समावेश आहे. विकासातील विलंब ओळखून बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे हे या पथकांचे कार्य आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाणी व श्रवण या क्षेत्रात कार्यरत आहे. मार्ग उपलब्ध आहे. पालकांना तो दाखविणारे बोट आपले असावे.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की "बोलण्यासाठी" म्हणून औषध मागणाऱ्यास बाटली देण्यापूर्वी "कान तपासलेत का?" एवढाच एक प्रश्न विचारावा. वैद्यबंधू-भगिनींनी बालरुग्णाच्या केसपेपरवर श्रवणचाचणीचा एक रकाना ठेवावा आणि तो रिकामा असेपर्यंत वेखंडाचे नाव लिहू नये. निदानानंतर आपल्या औषधांना त्यांचे स्थान जरूर आहे. मात्र ते उपचारांच्या सोबतीचे, तपासणीच्या ऐवजीचे नव्हे. रुग्णास वेळेवर योग्य ठिकाणी पाठविण्याने वैद्याचा मान कमी होत नाही. उलट पालकांचा विश्वास वाढतो.