अर्ज भरायला लाजायचं कशाला?

मुलांनो,

या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यात खारघरचं एक पत्र निघालं. अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीचं. ती लिहिते : "ताई, मला वकील व्हायचंय. वक्तृत्व स्पर्धेत माझा नेहमी नंबर येतो. पण लॉची फी आम्हाला झेपणार नाही. मामा म्हणतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भर. बाबा म्हणतात, नको! अर्जावर जात लिहावी लागते. कॉलेजात सगळ्यांना कळेल, मुलं चिडवतील, मास्तर लोक वेगळं वागवतील. त्यापेक्षा तू बी.कॉम. कर. मी काय करू? आणि कृपा करून माझं नाव छापू नका."

नाव नाही छापत, बेटा. पण उत्तर मात्र सगळ्यांसाठी छापते. कारण हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. आज तो तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात असेल. कुठे बोलला जातो, कुठे जेवताना नुसताच गिळला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे बाबांवर रागावू नकोस. त्यांनी हा नकार हवेतून आणलेला नाही. त्यांच्या शाळेत, त्यांच्या नोकरीत कधीतरी कुणीतरी काहीतरी बोललं असेल. ते त्यांनी तुला सांगितलंही नसेल. गावाकडून शहरात येताना आपल्या मुलांना तरी ते ऐकावं लागू नये, एवढंच त्यांना वाटतं. वाटणं खरं आहे. पण त्यावरचा उपाय अर्ज न भरणं हा आहे का? चला, जरा मागे जाऊन पाहू.

सन १९१३. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना शिकायला अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते. मुंबईच्या एका नव्या बी.ए. झालेल्या तरुणाने त्यासाठी अर्ज केला. त्याचे वडील सुभेदार रामजी नुकतेच, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते. घरची परिस्थिती बेताची. कॉलेजात असतानाही त्याला महाराजांकडून महिन्याला २५ रुपये मिळत होते, तेही केळुसकर गुरुजींनी महाराजांकडे शब्द टाकला म्हणून. त्या तरुणाचं नाव तुम्ही ओळखलंच असेल. भीमराव रामजी आंबेडकर!

४ जून १९१३ ला त्यांनी बडोदे संस्थानाबरोबर करारावर सही केली. शिष्यवृत्ती किती? महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आणि त्या बदल्यात? शिकून परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची!

इथे जरा थांबा. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. करार म्हणजे दोन बाजू आल्या. एक देणारा, एक घेणारा, आणि दोघांचीही सही. भीक देताना कुणी करार करतं का? शिष्यवृत्ती हा असा व्यवहार आहे. समाज म्हणतो, तू शीक, खर्च आम्ही उचलतो, तू शिकलास की त्याचा उपयोग सगळ्यांना होईल. यात मान खाली घालण्यासारखं काय आहे?

आता पुढची गोष्ट. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं मात्र समजू नका. अमेरिकेतलं शिक्षण झाल्यावर १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला गेले. तिथे अर्थशास्त्राबरोबर बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन या संस्थेत नाव घातलं. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली! अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तर एवढं शिकलेल्या माणसाला जातीमुळे राहायला जागा मिळेना. म्हणजे बघा, ज्या अपमानाची तुझ्या बाबांना भीती वाटते, तो तिथेही होताच. अर्ज केल्यामुळे तो आला नव्हता. अर्ज केला नसता तरी तो टळला नसता. फरक एवढाच, की आता त्या माणसाच्या हातात शिक्षण होतं.

मग त्यांनी काय केलं? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पगारातून पैसे साठवले. मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही मदत केली. आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊनच मुंबईला परतले.

आता तू म्हणशील, ताई, एवढ्या मोठ्या माणसाचं उदाहरण देऊ नका, आमचं आपलं साधं असतं. बरं, मग तुझ्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. खारघर कुठल्या जिल्ह्यात येतं? रायगड. महाड कुठल्या? तेही रायगड! तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं, ते तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलंय. पण त्यानंतर काय झालं, ते बहुतेकांना ठाऊक नसतं. तळं खासगी आहे, अस्पृश्यांना तिथे येण्याचा हक्क नाही, असा दावा काही मंडळींनी कोर्टात लावला. प्रतिवादी होते डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. हा खटला किती वर्षं चालला असेल? जवळजवळ दहा! मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही, आणि ते हरले.

तळ्यावर पाणी प्यायला एक दिवस लागला. तो हक्क कागदावर पक्का करायला दहा वर्षं लागली, आणि त्यासाठी कायदा जाणणारी माणसं लागली. म्हणून तर ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या घरातून वकील निघायला हवेत. तुमच्या खारघरच्या आसपासच बघा ना. नवी मुंबई वसवताना शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी लढणारे दि. बा. पाटील जासईच्या शेतकरी घरातले, आणि शिक्षणाने वकील! १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी गोळीबारात प्राण गमावले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

आता थोडं जगात डोकावू या. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या लोकांना हिस्पॅनिक म्हणतात. त्यांचीही अशीच कथा. टेक्सास राज्यात एका जिल्ह्यात २५ वर्षांत ज्यूरीवर एकही मेक्सिकन वंशाचा माणूस बसलेला नव्हता. म्हणजे आरोपी मेक्सिकन, आणि निवाडा करायला मात्र सगळे दुसरेच! गस गार्सिया आणि कार्लोस कादेना या वकिलांनी हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात नेला आणि १९५४ मध्ये खटला जिंकला. पण असे वकील होते तरी किती? अगदी थोडे. म्हणून १९६८ मध्ये 'माल्डेफ' नावाची संस्था निघाली, तेव्हा तिला मिळालेल्या देणगीतला काही भाग खटल्यांसाठी न ठेवता मेक्सिकन वंशाच्या मुलांना कायदा शिकवण्यासाठी बाजूला काढला गेला. आज लढायचं, आणि उद्या लढणारेही तयार करायचे!

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली सोनिया सोटोमायोर ही मुलगी. आईवडील पोर्तो रिकोहून आलेले. वडील ती नऊ वर्षांची असताना गेले, आई नर्स. ती शिष्यवृत्तीवर प्रिन्स्टनला शिकली, मग येल विद्यापीठात कायदा शिकली, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची पहिली हिस्पॅनिक न्यायाधीश झाली.

आता आपल्याकडच्या अर्जाची गोष्ट. हा अर्ज आला कुठून, माहीत आहे? डॉ. आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले, तेव्हा त्यांनी दलित मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसे मागितले. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आजची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. स्वतःची शिष्यवृत्ती मधेच तुटण्याचं दुःख ज्याने भोगलं, त्याने पुढच्यांसाठी करून ठेवलेली ही सोय आहे. ती न वापरणं म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी भरून ठेवलेला डबा न उघडताच उपाशी झोपणं!

चला, आता वही-पेन घ्या. कामाच्या गोष्टी लिहून ठेवा.

एक. बारावीनंतर कायद्याचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो, पदवीनंतर तीन वर्षांचा. राज्यातल्या कॉलेजांसाठी राज्याची सीईटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 'क्लॅट'. क्लॅटच्या तयारीला पैसे नसतील तर 'आयडिया' नावाची संस्था आहे. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ती २०१० मध्ये सुरू केली. गरीब घरातल्या हुशार मुलांना ती तयारीसाठी मदत करते.

दोन. शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. अनुसूचित जातींसाठी केंद्राच्या २०२१ च्या नियमांत घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची 'फ्रीशिप' असते, तिच्यात फी भरली जाते. इतर मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीही योजना आहेत. मुलींनो, तुमच्यासाठी खास : आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या या घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फी माफ करण्याचा निर्णय सरकारने २०२४ मध्ये घेतला. नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा. शेजारच्या दादाने सांगितलं म्हणून चालणार नाही.

तीन. कागदपत्रं! सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं स्वतःचं बँक खातं, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. यातल्या शेवटच्या दोघांना वेळ लागतो. खारघरमध्ये राहणारी निम्मीअधिक मंडळी कुठून ना कुठून आलेली. कुणी सातारचे, कुणी जालन्याचे, कुणी चिपळूणचे. जातीचा दाखला कुटुंबाच्या मूळ गावच्या पुराव्यावर मिळतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा विचारतात. म्हणजे आजोबांच्या, नाहीतर पणजोबांच्या शाळेचा दाखला! तो गावच्या शाळेच्या रजिस्टरात असतो. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल ना, तेव्हा फराळ झाला की एक दिवस शाळेत आणि तलाठी कार्यालयात जा. शाळेला सुट्टी लागायच्या आधी मुख्याध्यापकांना कळवून ठेवा, नाहीतर कुलूप बघून परत याल.

चार. अर्ज भरला की काम संपलं, असं नाही. तो आधी कॉलेज तपासतं, मग समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. मधेच कुठे अडकलाय का, ते दर आठवड्याला बघा. कॉलेजातल्या क्लार्ककाकांशी नीट बोला, पण विचारायचं सोडू नका. आणि दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

पाच. काही खासगी आणि परदेशी शिष्यवृत्त्यांना स्वतःविषयी निबंध लिहावा लागतो. तिथे मुलं दोन चुका करतात. एक तर आपली गरिबी रडून सांगतात, नाहीतर सगळं लपवून मोठमोठे शब्द वापरतात. दोन्ही नको. जे घडलं ते साधेपणाने लिहा, आणि त्यातून तुम्ही काय केलंत ते लिहा. अमेरिकेत जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशात वंश मोजायला मनाई केली. पण त्याच निकालात हेही म्हटलंय, की आपल्या वंशामुळे आयुष्यात काय सोसलं, काय कमावलं, हे विद्यार्थ्याने स्वतः सांगितलं तर ते विचारात घेता येईल. म्हणजे नुसत्या रकान्यातल्या खुणेपेक्षा तुमची स्वतःची गोष्ट जास्त बोलते!

आता राहिला चिडवण्याचा प्रश्न. खोटं सांगत नाही. कुणी चिडवणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. पण अर्ज हा तुझ्यात आणि कार्यालयात राहायचा कागद आहे. शिष्यवृत्तीवाल्यांची नावं कुणी वर्गात सगळ्यांसमोर वाचत असेल, तर ते चूक आहे. प्राचार्यांना लेखी कळव. कॉलेजात त्यासाठी तक्रार समिती असते. वकील होणार आहेस ना? मग पहिला अर्ज शिष्यवृत्तीचा, आणि लागलाच तर दुसरा तक्रारीचा!

आणि बाकीच्या मुलांनो, ज्यांना असा अर्ज भरावा लागत नाही, त्यांनीही ऐका. तुमच्या बाकावरचा मित्र कार्यालयाच्या रांगेत उभा राहिला, तर "कशाला रे गेला होतास?" असं चारचौघांत विचारू नका. त्या तासाची वही त्याला द्या. तेवढं पुरे.

आई-बाबांनो, तुमच्यासाठी दोनच ओळी. मुलीला बी.कॉम. करायचं असेल तर जरूर करू द्या. पण तिला वकील व्हायचं असेल, तर फीच्या आणि लाजेच्या कारणासाठी थांबवू नका. फीची सोय आहे. लाज ज्यांनी वाटून घ्यायला हवी, ते दुसरेच कुणी आहेत.

तर मग, या रविवारी एकच काम. घरातली कागदांची पेटी, नाहीतर कपाटावरची ती जुनी पिशवी खाली काढा. आजोबांचा दाखला सापडतो का बघा. कुठल्या शाळेत किती शिकले ते वाचा, आणि मला कळवा. पुढच्या आठवड्यात वैधता प्रमाणपत्राविषयी सविस्तर बोलू.

तुमची,
ताई