आयुष्य चिपचे, भुर्दंड ग्राहकाला

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या भरत खेरा समितीने ‘दुरुस्ती निर्देशांका’चा आराखडा सरकारच्या हाती ठेवला आणि पहिल्या टप्प्यात त्यात जागा मिळाली ती स्मार्टफोन आणि टॅबलेटला. फोन कितपत दुरुस्त होईल हे विकत घेण्याआधीच कळावे, याबद्दल दुमत नाही. पण झोपडीपासून बंगल्यापर्यंत घरोघरी लागणारा आणि वारंवार मुदतीआधी दगा देणारा एलईडी बल्ब या यादीत नाही. वस्तू शंभर रुपयांची आहे म्हणून फसवणूक लहान ठरत नाही.

खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात. रोज सहा तास दिवा लावला, तर हा हिशेब अकरा वर्षांच्या पुढे जातो. त्याच खोक्याच्या दुसऱ्या बाजूला वॉरंटी असते एक किंवा दोन वर्षांची. दोन वर्षे म्हणजे ४,३८० तास. उरलेल्या वीस हजार तासांची जबाबदारी कंपनी घेणार नसेल, तर तो आकडा छापण्याची मुभा तिला का असावी?

हा आकडा मुळात बल्बचा नाहीच. तो आतल्या चिपचा आहे. प्रयोगशाळेत चिप काही हजार तास पेटती ठेवतात आणि तिचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर कधी येईल, याचा अंदाज गणिताने बांधतात. घरातला बल्ब मात्र असा हळूहळू मंद होत जात नाही. तो काही दिवस फडफडतो आणि एका संध्याकाळी बंदच पडतो. बहुतेक वेळा आधी जातो तो चिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते. फॉल्स सीलिंगमधल्या किंवा काचेच्या बंद गोळ्यातल्या बल्बची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. खोक्यावरच्या आकड्यात यातले काहीच धरलेले नसते.

स्वस्त बल्बमध्ये चिपही वाचत नाही. बंद पडलेल्या बल्बचे पांढरे झाकण उचकटून पाहावे. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर पिवळ्या टिकल्या गोलाकार बसवलेल्या असतात आणि त्यातल्या एखाद्या टिकलीवर बारीकसा काळा ठिपका दिसतो. जळालेली असते ती एकच. पण सगळ्यांची एकसर जोडणी असल्याने एक गेली की साऱ्याच विझतात. चिपा कमी लावायच्या आणि प्रत्येकीतून सोसवेल त्याहून जास्त करंट सोडायचा, ही उत्पादकाची बचत. कोपऱ्यावरचा कारागीर जळालेल्या टिकलीवर कथलाचा डाग देऊन दिवा चालू करतो, पण ताण तसाच राहतो आणि थोड्या दिवसांत दुसरी टिकली जाते.

कंपन्या विजेच्या दाबाकडे बोट दाखवतात. दाब वरखाली होतो, हे खरेच. म्हणून तर भारतात विकायचा बल्ब भारतातल्या विजेवर टिकला पाहिजे.

जास्त टिकणारा दिवा करता येत नाही, असेही नाही. फिलिप्सने २०१६ मध्ये दुबई महापालिकेसाठी तयार केलेल्या बल्बात नेहमीपेक्षा जास्त चिपा घालून प्रत्येकीला कमी करंट दिला. दिवा थंड राहतो, टिकतो आणि वॅटमागे सुमारे २०० ल्युमेन उजेड देतो. दुबईच्या प्रशासनाने आग्रह धरला, म्हणून तो बल्ब झाला. आपल्या सरकारने असा आग्रह कधी धरला?

२०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि विजेची मोठी बचत झाली. ते श्रेय सरकारला द्यायलाच हवे. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब काही वर्षांत चाळीसच्या आत आला. पण सगळे लक्ष राहिले ते किमतीवर आणि वॅटवर. बल्बवरचे तारेसुद्धा ठरतात ते वॅटमागे मिळणाऱ्या उजेडावर, टिकाऊपणावर नव्हे. २०१७ मध्ये नील्सनने मुंबईसह चार महानगरांतील दुकाने तपासली, तेव्हा ७६ टक्के एलईडी बल्बचे ब्रँड सुरक्षेच्या निकषांत बसत नव्हते. मानक कागदावर आणि नंबर दोनचा माल दुकानात, ही स्थिती ज्यांनी चालू दिली त्यांनी ग्राहकाला सावधगिरीचे धडे देऊ नयेत.

आता तर बल्बऐवजी अखंड पॅनेल लाइट छतात बसवले जातात. ड्रायव्हर गेला की पुष्कळदा सगळा दिवाच फेकावा लागतो आणि वायरमनची मजुरी वेगळी. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२१ पासून दिव्यातला प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर बदलता आला पाहिजे, असा नियम लागू केला. आपल्याकडे मिक्सर, पंखा, गिझर सगळेच ‘नवीन घ्या’च्या वाटेने चालले आहे आणि प्रत्येक बंद दिव्याबरोबर अ‍ॅल्युमिनियम, तांबे, प्लास्टिक कचराकुंडीत जाते.

खोक्यावर चिपचे नव्हे, ड्रायव्हरसह संपूर्ण बल्बचे आयुष्य छापण्याची सक्ती झाली पाहिजे. त्या आयुष्याशी मेळ खाणारी वॉरंटी बंधनकारक हवी. वॉरंटी देता येत नसेल, तर तासांचा आकडा दिशाभूल करणारी जाहिरात समजून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कारवाई करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये त्यासाठी पुरेसे अधिकार आहेत. आणि ग्राहकांनीही शंभर रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणून गप्प बसू नये. पक्के बिल घ्यावे, ते जपून ठेवावे, मुदतीत उडालेला बल्ब बदलून मागावा आणि दुकानदाराने नकार दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.