लाईट गेली की ऑफिसचा फोनही का जातो?

धडगाव, मोलगी, तोरणमाळ पट्ट्यात पावसाळ्यात लाईट जाणं नवीन नाही. वारा सुटला, तारेवर फांदी पडली की झाला अंधार. पण लाईटसोबत दवाखान्याचा, तहसीलचा फोनही बंद पडतो, त्यावर कोणी बोलत नाही. खरं तर फोनची सर्वात जास्त गरज तेव्हाच असते.

जुना लँडलाईन कसा चालायचा?

तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच फोनला सुमारे ४८ व्होल्ट डीसी वीज पुरवायचं. तिथे मोठ्या बॅटऱ्या असायच्या. त्यामुळे घरात अंधार असला तरी डायल टोन यायचा. फायबरमधून मात्र प्रकाश येतो, वीज नाही. ऑफिसातला मोडेम बंद झाला की फोन मुका. आयपी फोन आणि इंटरकॉमचंही तेच.

मोबाईल आहे ना?

टॉवरही लाईट गेल्यावर बॅटरी किंवा डिझेलवरच चालतो. ते संपलं की रेंज गेली. शहरात शेजारचा टॉवर सांभाळून घेतो, सातपुड्याच्या दरीत तो आधार मिळेलच असं नाही.

इन्व्हर्टर असूनही फोन का बंद?

कारण त्याच इन्व्हर्टरवर पंखे, कॉम्प्युटर, ट्यूबलाईट सगळंच असतं. हिशेब बघा. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १८०० वॉट-तास वीज मावते. तूट धरून साधारण १००० हाती लागते. ४०० वॉटचा लोड असेल तर अडीच तासांत खेळ खल्लास. मोडेम, छोटा स्विच आणि चार आयपी फोन मिळून साधारण ५० वॉट घेतात. फक्त तेवढंच जोडलं तर तीच बॅटरी २० तासांच्या आसपास टिकेल.

मग करायचं काय?

१. फोन आणि मोडेमसाठी वेगळी बॅटरी ठेवा. एकटा मोडेम असेल तर छोटा डीसी यूपीएसही काही तास पुरतो.
२. फोन लागला नाही तर कॉल ड्युटीवरच्या माणसाच्या मोबाईलवर जाईल, असं फॉरवर्डिंग कंपनीकडून आधीच लावून घ्या.
३. मे महिन्यात एकदा मेन स्विच बंद करून फोन किती तास चालतो ते घड्याळ लावून बघा.

यात अवघड इंजिनीअरिंग काहीच नाही, मोठा खर्चही नाही. अडतं ते एवढ्यावरच की हे काम नेमकं कोणाचं, हे ठरलेलं नसतं. माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तहसील कार्यालयात फोनच्या बॅटरीची जबाबदारी एका कर्मचाऱ्याच्या नावावर लिहून द्यावी. पाड्यावर रात्री बाळंतकळा सुरू झाल्या आणि आशाताईंनी केंद्रात फोन लावला, तर तो वाजलाच पाहिजे. फलकावर नंबर रंगवला म्हणजे सोय झाली, असं होत नाही.