एकचे दहा कोणी करायचे?

टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे तारा जोडणारी खोली, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. खरे म्हणजे ती दुभाष्याची कचेरी आहे.

१९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, कित्तूरला, सी-डॉटचे १२८ पोर्टचे देशी बनावटीचे डिजिटल ग्रामीण एक्स्चेंज सुरू झाले. त्या वेळी देशात स्ट्राउजर व क्रॉसबार जातीची जुनी एक्स्चेंज पुष्कळ होती. नव्या-जुन्यांची बोली जुळवल्याशिवाय कॉल पुढे जाणार कसा?

कॉलबरोबर नुसता नंबर जात नाही, फोन करणारा कोण याची खूणही जाते. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार जुन्या आर-टू पद्धतीत देशांतर्गत कॉल करणाऱ्या सामान्य ग्राहकाची खूण १. पुढे आलेल्या आयएसयूपी पद्धतीत तोच ग्राहक १०. तेथे १ म्हणजे फ्रेंच बोलणारा ऑपरेटर! मधल्या एक्स्चेंजने आकडा जसाच्या तसा ढकलला, तर निपाणीचा तंबाखू व्यापारी पलीकडे फ्रेंच ऑपरेटर ठरायचा. म्हणून ते कोष्टक पाहून एकचे दहा करते. डेटासाठी मागितलेला मार्ग पुढच्या यंत्रणेला देताच येत नसेल, तर कॉल नाकारते आणि कारणही कळवते. (आपल्या कचेऱ्यांत कारण कळणे हीच मोठी गोष्ट!)

हे भाषांतर ग्राहकाच्या गळ्यात कोणी मारत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. सीमाभागात मात्र उलटा कारभार. मराठी शाळेतून आलेल्या माझ्यासारख्यापुढे एका कचेरीत कन्नड फॉर्म सरकवला गेला: "भरून आणा." मला कन्नड येते म्हणून निभावले, माझ्यामागे उभ्या असलेल्या आजीबाईंना बाहेर पैसे मोजून तो भरून घ्यावा लागला. मराठी पाटी वाचता न येणाऱ्या कन्नड मित्राचीही गत हीच. दोन भाषांच्या सांध्यावर बसलेल्या कचेरीनेच हे ओझे उचलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि लिपी बदलली की काम झाले, असेही नाही. मराठीत 'अनुमान' म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडात 'अनुमान' म्हणजे संशय. हिशेबतपासनिसाने कोणते अनुमान काढले, यावर एखाद्याची अब्रू अवलंबून राहील!

तेव्हा या अंकाच्या मराठी व कन्नड विभागांच्या संपादकांना माझी सूचना आहे. पुढच्या अंकात दोघांनी मिळून फॉर्म, चलन आणि जमाखर्चातल्या शब्दांचे कोष्टक छापावे. कन्नड बाजू तपासायला वर्गमित्र तयार आहेत. मराठी बाजू मी लिहून देतो.