आमची गैरहजेरी बाटलीच्या खात्यात का?

मा. उत्पादन शुल्क मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस,



अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावर, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आमचे जऊळका आहे. स्टेशनामुळे सगळे ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात. मालेगाव म्हटले की मुंबईकडे नाशिकचे मालेगाव आठवते आणि आमचे कागद तिकडे फिरून येतात, म्हणून जिल्हा आधीच लिहिला.

हे पत्र म्हणजे कुठल्या एका दुकानाविरुद्धची तक्रार नाही. सबंध जिल्ह्यात दारूबंदी करा, अशी मागणीही नाही. गावाला दारूचे दुकान नको असेल तर त्यासाठी जे मतदान घेतात, त्यातली मोजणी कशी होते एवढ्यापुरतेच बोलायचे आहे. दुकान हवे तर उभी बाटली, नको तर आडवी बाटली, हे आता राज्यातल्या बहुतेक बायांना ठाऊक आहे. मात्र बाटली आडवी व्हायला किती मते लागतात, हे पुष्कळांना निकालाच्या दिवशीच कळते.

शासनाचा 25 मार्च 2008 चा आदेश आहे. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते. म्हणजे जिने अर्जावर अंगठा दिला, तिने साहेबांसमोर पुन्हा उभे राहून ‘हो, मीच दिला’ म्हणायचे. तोवर कोणाकोणाच्या सह्या आहेत हे गावभर झालेले असते. ज्या घरचा माणूस रोज दारूच्या भट्टीवर जातो, त्या घरच्या बाईने हे सांगणे किती सोपे असेल, याचा विचार आदेश लिहिणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही. त्यानंतर गुप्त मतदान. आणि त्यात यादीवर असलेल्या एकूण महिला मतदारांपैकी (किंवा एकूण मतदारांपैकी) निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली, तरच दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, यादीच्या निम्मी.

समजा, एका गावात 2000 महिला मतदार आहेत. मतदानाला 1200 आल्या. त्यातल्या 950 जणींनी आडवी बाटली केली, 250 जणींनी उभी ठेवली. आलेल्या बायांपैकी शेकडा 79 जणी म्हणाल्या दुकान नको. तरी दुकान चालूच राहणार, कारण लागत होत्या 1001. न आलेल्या 800 जणींना कोणीच काही विचारले नाही, पण त्यांचे मत उभ्या बाटलीच्या खात्यात जमा झाले.

या न आलेल्या कोण? आमच्याकडे दिवाळी झाली, सोयाबीन घरात आले की कोरडवाहू घरांतली माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. नवराबायको सोबत जातात, लेकरे घेऊन जातात, आणि पुष्कळ जण गुढीपाडव्याच्या आगेमागेच परततात. त्यांची नावे यादीत असतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे कित्येक वर्षे माहेरच्या यादीत तशीच राहतात. गेलेल्या म्हाताऱ्यांचीही राहतात. मंत्रिमहोदय, जिची राख पैनगंगेत गेली, ती आजी तुमच्या आदेशाप्रमाणे अजून दारूच्या दुकानाच्या बाजूने उभी आहे.

आता हीच फूटपट्टी तुमच्या सभागृहाला लावून बघू. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे 66 टक्के मतदान झाले. यादीच्या निम्मी मते मिळवायची तर उमेदवाराला झालेल्या मतांपैकी शेकडा 76 मते घ्यावी लागली असती. किती आमदार निवडून आले असते? मला वाटते, सभागृहाचा कोरम भरायची पंचाईत झाली असती.

दुकान आणायचे असते तेव्हा मात्र कायदा इतका कडक नसतो. ग्रामीण भागात नवा परवाना किंवा स्थलांतर असेल तर ग्रामसभेचा ठराव विचारला जातो, हे चांगलेच आहे. पण ग्रामसभेची गणपूर्ती काय? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे गावात दुकान यायला शंभर माणसांची सभा चालते, कधी त्याहूनही कमी चालते, आणि तेच दुकान घालवायला हजार बाया लागतात. ग्रामसभेत कोण बसलेले असते आणि बाया किती असतात, हे आपण ग्रामीण भागातून आला असाल तर मी सांगायची गरज नाही.

राज्याला वेगळा हिशेब मांडता येत नाही, असेही नाही. 2025 च्या मार्चमध्ये विधानसभेत सरकारने सांगितले की महापालिकेच्या वॉर्डात झालेल्या मतदानापैकी 75 टक्के मते दुकानाविरुद्ध गेली तर ते बंद होईल, आणि सोसायटीच्या इमारतीत दुकान काढायचे तर सोसायटीची ना-हरकत लागेल. 75 टक्के मला जास्त वाटतात. पण मोजणी झालेल्या मतदानातून करायची, हे तिथे मान्य झाले. वरच्या उदाहरणातल्या 950 जणी चिंचवडसारख्या महापालिकेच्या हद्दीत राहत असत्या तर जिंकल्या असत्या. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रातली गोष्ट तर आणखी निराळी आहे. 1996 च्या पेसा कायद्याने दारूबंदी करण्याचा किंवा विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार तिथे थेट ग्रामसभेशी जोडला आहे. आमचे मालेगाव तालुक्यातले गाव अनुसूचितही नाही आणि महापालिकेतही नाही.

यावर तुमच्या विभागाचे उत्तर मला माहीत आहे. परवान्याचे दुकान बंद केले की हातभट्टी सुरू होते. हे खोटे नाही, पण हातभट्टीला बंदीच लागते असेही नाही. मुंबईत मालवणीला 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, आणि मुंबईत काही दारूबंदी नव्हती. चंद्रपूरला 1 एप्रिल 2015 पासून जिल्हाबंदी झाली, बायांनी वर्षानुवर्षे पायपीट करून ती मिळवली होती, आणि 2021 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठवली. चोरटी विक्री वाढली, हेच कारण पुढे आले. मला त्या निर्णयाबद्दल शंका आहेत, पण सबंध जिल्ह्याची बंदी सांभाळणे अवघड असते हे मी मानते. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून बंदी आहे आणि तिथे दारू मिळतच नाही, असे कोणी म्हणणार नाही.

पण एका गावाने मत देऊन एक दुकान घालवले, तर चोरट्या विक्रीवर नजर ठेवायला तेच गाव सगळ्यात जास्त तयार असते. त्याच बायांनी सह्या केलेल्या असतात, त्यांना कोण कुठून बाटली आणतो हे माहीत असते. त्यासाठी सरकारने 2017 मध्ये ग्रामरक्षक दलाचे नियमही केले. किती गावांत ते दल कागदाबाहेर आले, हे आपल्याच विभागाने एकदा तालुकावार जाहीर करावे. जऊळक्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. सगळ्याच गावांचे तसे भाग्य नसते, आणि ठाणे असलेल्या गावातही भट्टीवाल्याला कोणाची फार भीती वाटते असे दिसत नाही.

महसुलाचे बोलणे मी टाळणार होते, पण राहवत नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, बायांना महिन्याला 1500 रुपये सुरू झाले. 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचा कर वाढवला आणि त्यातून वर्षाला 14,000 कोटी रुपये जास्त येतील असे सांगितले. देशीच्या 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपयांवर गेली. रोजंदारीवर जाणारा माणूस भाव वाढला म्हणून अर्धी बाटली पीत नाही, तो घरातून आणखी पैसे नेतो. रोज एक बाटली धरली तर बहिणीचे 1500 एकोणीस दिवसही पुरत नाहीत. हे दोन निर्णय एकमेकांशी जोडलेले आहेत असे सरकार म्हणाले नाही, मीही म्हणत नाही. आमच्या घरात मात्र ते एकाच डब्यात येतात.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे जिंकलेली गावेही हरतात. देशीच्या दुकानांचे आणि वाइन शॉपचे नवे परवाने राज्यात सुमारे पन्नास वर्षे देत नाहीत. त्यामुळे जुन्या परवान्याला सोन्याचा भाव आहे. एका गावातून हुसकले की परवानाधारक दुसरीकडे जागा शोधतो. ती जागा शेजारच्या गावाच्या शिवेवर, फाट्यावर मिळाली, की पहिल्या गावाच्या बायांच्या पदरी काय पडले? फक्त पिऊन परत येणाऱ्याची वाट लांबली, आणि आता ती हायवेवरून आहे.

म्हणून मागतो ते एवढेच. 2008 च्या आदेशातली मोजणी बदला आणि निकाल झालेल्या मतांवर लावा. दहावीस मतांत निकाल लागू नये म्हणून किमान हजेरीची अट घाला, तीस-पस्तीस टक्क्यांची, आमची हरकत नाही. मतदानाआधी यादीतली मृत आणि स्थलांतरित नावे तलाठी व ग्रामसेवकांकडून तपासून घ्या. दिवाळी ते पाडव्याच्या काळात मतदान ठेवू नका. सह्यांची पडताळणी चावडीवर सगळ्यांसमोर न करता घरोघरी, महिला कर्मचाऱ्यांमार्फत करा. आणि मतदानाने हटवलेला परवाना त्याच गावाच्या पंचक्रोशीत पुन्हा उघडू देऊ नका.

विधानसभेत विधेयक आणण्याइतके हे मोठे काम नाही. तो आदेश शासनाने काढला होता, शासनच तो दुरुस्त करू शकते. दुरुस्ती झाली तर तिची प्रत अर्जाच्या नमुन्यासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल एवढे पाहावे, कारण सध्याचा नमुना मागायला वाशिमला अधीक्षक कार्यालयात जावे लागते आणि त्यात एक रोज बुडतो.

आपली,
जऊळका रेल्वे येथील एक मतदार