किल्ली हरवली म्हणून गाडी टाकू नका

कडब्याच्या छपरात वडिलांची जुनी अँबॅसिडर धूळ खात उभी आहे आणि किल्ली कुठे गेली कुणास ठाऊक, असे काही घरी असते. मग एखादा उत्साही पुतण्या म्हणतो, "तारा जोडून चालू करतो!" त्याला आवरा. उंदरांनी कुरतडलेल्या तारांतून ठिणगी उडाली, तर कडब्यासकट गाडी पेट घेईल.

आधी गाडी हाताने ढकलून उघड्यावर आणा. बॅटरी असेल तर तिची तार सोडा. मग किल्लीचा स्विच काढा. कोणती तार कुठे होती, ते कागदावर टिपून ठेवा. स्विच व आर.सी. बुक घेऊन तालुक्याच्या किल्लीवाल्याकडे जा. कुलपावरून किल्ली घडवता येते. दोन करून घ्या.

टाकीतले जुने पेट्रोल काढा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडा, इंजिन हाताने फिरते का पाहा. ब्रेक तपासल्याखेरीज रस्त्यावर नेऊ नका.

वडील हयात नसतील तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी आर.टी.ओ.त नमुना 31 भरावा लागतो. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण 5 वर्षांपुरतेच होते. विमाही हवाच.

किल्ली नवी करता येते. म्हणून आधी पेटीतले कागद शोधा.