खोडव्याचे पहिले पंधरा दिवस



गळीत हंगाम सुरू झाला की ऊस उत्पादकाची धावपळ काही विचारू नये. तोडणीची चिठ्ठी, मुकादमाची मनधरणी, वाहन, वजनकाटा, त्यातच गहू-हरभऱ्याचे पाणी आणि घरची लग्नसराई. माणूस पहाटेपासून राबतो. पण फड रिकामा झाला की त्या रानाकडे महिनाभर कोणी फिरकत नाही. "खोडवा काय, पाणी सोडलं की येतोय," म्हणून मोकळे होतात. माझे स्पष्ट मत आहे की, खोडव्याचे एकरी टनेज इथेच जाते.

व्यवस्थापनशास्त्रात पॅरेटोचा नियम म्हणून एक गोष्ट शिकवतात. बहुतेक संपत्ती थोड्याच लोकांच्या हाती असते, असे या इटालियन अर्थशास्त्रज्ञाने दाखविले. पुढे ज्युरान या तज्ज्ञाने तोच विचार कारखान्यांना लावला. थोड्याच कारणांतून बहुतेक परिणाम निघतात, तर ती कारणे आधी हुडकावीत. ऐंशी-वीसचा आकडा काही काट्यावर तोललेला नाही, त्याच्या नादी लागू नये. विचार मात्र आपल्या रानाला लागू पडतो.

खोडव्यात अशी मोलाची कामे चारच, आणि ती तोडणीनंतर पंधरा दिवसांत उरकायची. पहिले म्हणजे पाचट पेटवायचे नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघते, ते सरीत दाबावे. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. ओल टिकते, तण दबते, खुरपणीची मजुरी वाचते. मग बुडखे. टोळीने घाईत उंच तोडले असेल तर धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. वरच्या डोळ्यांचे फुटवे पोचट निघतात, जमिनीतल्या डोळ्यांचे जोमदार. मोठ्या नांग्या आधीच तयार ठेवलेल्या रोपांनी भराव्यात. आणि वापशावर रासायनिक खताचा निम्मा हप्ता पहारीने, बुडख्यापासून चार-सहा बोटांवर, खोल भोक पाडून द्यावा. उरलेला निम्मा साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूने. फेकून दिलेले खत उसाआधी तण खाते, हे काय सांगायला हवे?

एवढे होईपर्यंत दुकानातल्या टॉनिकच्या बाटल्यांकडे बघूच नये. बुडखा वर राहिला असेल तर बाटली काय करणार!

"साहेब, माणसं मिळत नाहीत," हे उत्तर मला रोज ऐकू येते, आणि ते खोटे नाही. म्हणूनच निवड करावी लागते. चार एकर खोडवा आणि हात दोन एकरांचे, तर दोनच एकर राखावा, पण पुरता राखावा. पंधरा फेब्रुवारीनंतर तुटलेला, फार तुटाळ असलेला, काणी किंवा गवताळ वाढ दिसलेला फड सरळ मोडावा. बेण्याचा आणि नांगरटीचा खर्च वाचतो म्हणून असला खोडवा ठेवणारे पुष्कळ आहेत. पण निम्मे रिकामे रानही तेवढेच पाणी पिते, तेवढीच वीज खाते आणि वर्ष अडवून बसते ते वेगळेच. हा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरी अडचण पैशाची. बिल जमा झाल्यावर खत आणू म्हटले की पंधरवडा गेलाच समजा. तेव्हा टोळी येण्याआधीच खत आणि जिवाणू घरात हवेत, आणि रोपे तर महिनाभर आधी तयार करायला घातलेली हवीत. तोडणीचा अंदाज गट कार्यालयात विचारून घ्यावा. रात्री जेवण झाल्यावर वहीत उद्याचे काम लिहावे, आणि ज्या दिवशी फड तुटला त्यापुढचे पंधरा दिवस पहिल्या ओळीत खोडवा असावा. पाहुण्यारावळ्यांचे नंतर.

आता थोडे आमच्याकडचे. या पंधरवड्यात गटातील कर्मचाऱ्यांनी नोंदीचे कागद संध्याकाळवर ढकलून सकाळी तुटलेल्या फडात जावे, असे माझे मत आहे. शेती खात्याच्या पुढील बैठकीत मी ते मांडणार आहे.

— ऊस विकास अधिकारी